ह्योच ड्रायव्हर, ह्योच रस्ता, ह्योच पाऊस

मगदूम अक्का सकाळी शेडमध्ये आल्या की आधी गाड्यांना ताप आलाय का ते बघत. आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात रांगेतल्या प्रत्येक जीपच्या बॉनेटला लावत त्या पुढं जायच्या. एखादं बॉनेट कोमट लागलं की थांबायच्या. "ही कुणी न्हेलती रं पहाटं?" असा आवाज निघाला की समोरच्या टपरीवरचा एखादा ड्रायव्हर चहाचा कप खाली ठेवून मान खाली घालून यायचा. मेव्हण्याला स्टँडवर सोडायला नाहीतर गवताचे भारे आणायला सरकारी जीप गेलेली असायची. कुणी वाद घालत नसे. अक्कांच्या हाताला कळलं म्हणजे कळलं.

आमचा विभाग म्हणजे कोल्हापुरातल्या एका सरकारी खात्याच्या गाड्यांचा तळ. खात्याचं नाव मी सांगत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत आणि मीही. अक्का या विभागाच्या प्रमुख आणि मी, माने, त्यांच्या हाताखालचा सहायक. त्या नृसिंहवाडीजवळच्या एका गावातल्या, जैन शेतकरी घरातल्या. वडिलांच्या ट्रॅक्टरखाली पाना-पकड घेऊन झोपता झोपता इंजिनिअर झाल्या होत्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि आमच्याकडं निवृत्तीला टेकलेले ड्रायव्हरसुद्धा त्यांना अक्काच म्हणायचे. आमच्या भागात बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, तशाच त्या बोलत. साहेबांसमोरही त्यांची भाषा बदलायची नाही. बदल्या साहेबांच्या व्हायच्या, अक्कांची भाषा होती तिथंच राहायची.

सूर्यास्तानंतर त्या जेवत नसत. त्यामुळं संध्याकाळची बैठक लांबायला लागली की भर बैठकीत डबा उघडायचा. "तुमचं चालू द्या साहेब, माझा सूर्य चाललाय," असं म्हणून भाकरी मोडायच्या. वांग्याच्या भाजीचा वास सुटला की बाकीच्यांना घर आठवायचं आणि बैठक आटोपायची. जिल्ह्यातला प्रशासकीय विलंब कमी करण्याचा याहून चांगला उपाय मी अजून पाहिलेला नाही.

शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक प्राथमिक शाळा आहे. तिसरीच्या वर्गाची खिडकी थेट आमच्या शेडमध्ये उघडते, म्हणजे उघडायची. सकाळी ड्रायव्हर ओळीनं जीपा चालू करून इंजिन गरम करत ठेवायचे आणि तो सगळा काळा धूर वर्गात शिरायचा. पोरं खोकायची. शेवटी वर्गाच्या पाटीलबाईंनी खिडकीला खिळे ठोकून टाकले. शाळेची तक्रार आली तेव्हा कुणीही एक उत्तर लिहून पाठवलं असतं. अक्का स्वतः गेल्या, तिसरीच्या बाकावर पोरांच्यात बसल्या आणि एक अख्खा तास बसून आल्या. दिवस उन्हाळ्याचे होते. आल्या तेव्हा पाठ घामानं भिजली होती.

"माने, ती खिडकी उघडाय पायजे," एवढंच म्हणाल्या.

पुढं वरून आदेश आला. पंधरा वर्षं झालेल्या गाड्या भंगारात काढायच्या, त्यांच्या जागी विजेवरच्या गाड्या कशा आणता येतील याचा आराखडा प्रत्येक कार्यालयानं द्यायचा. बाकीच्या कार्यालयांनी गाड्यांची नावं आणि वयं टाईप करून पाठवून दिली आणि ती मोकळी झाली. अक्कांनी मात्र फिरायला सुरुवात केली. त्यांचा नियम ठरलेला होता. "ज्या गाडीत मी बसलो न्हाय, त्या गाडीचं मी बोलत न्हाय." रोज एका गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, सकाळपासून गाडी परत येईपर्यंत. राधानगरीची झाली, चंदगडची झाली, शिरोळची झाली.

यातून त्यांना जे कळलं ते कागदावर कुठंच नव्हतं. शेतीवाल्यांची जीप भर दुपारी एका आंब्याखाली नुसती उभी असते, म्हणजे चार्जिंग तिथं पाहिजे, शेडमध्ये नको. एक गाडी बांधावरच्या रस्त्यानं जाते, तिथं खालून बॅटरी घासेल, म्हणजे तिला उंच गाडी पाहिजे. शेडच्या भिंतीवर महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची ओल अजून दिसते. अक्कांनी त्या खुणेवर लाल रंगाची रेघ मारून घेतली. जागा बघायला आलेला ठेकेदार चार्जरच्या पेट्या जमिनीलगत आखायला निघाला, तेव्हा त्याला रेघेजवळ नेऊन उभं केलं. रेघ त्याच्या डोक्याच्या वर होती. "पंचगंगा ठेका विचारून येत न्हाय पावणं," म्हणाल्या. आराखड्यात पेट्या रेघेच्या वर गेल्या, वायरी तेवढ्या खाली आल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. तरुण होते, हुशार होते, फक्त घाईत होते. ते म्हणाले, "मगदूम मॅडम, सुरुवात माझ्या गाडीपासून करू. शहरातल्या शहरात फिरते, अडचण येणार नाही. फोटोही चांगला येईल."

"तुमची गाडी घरातनं हापिसात येती साहेब," अक्का म्हणाल्या. "तेवढं तर मी चालत बी येतो. गगनबावड्याची गाडी आधी करू. ती झाली की बाकीचे ड्रायव्हर आपणहून मागत येतील. तुमच्या गाडीवरनं कोण शिकणार हाय?"

गगनबावड्याची फेरी आमच्याकडं सगळ्यांत वाईट समजली जाते. चढउताराचा रस्ता, वाटेत वाड्यावस्त्यांवर आत शिरायचं, आणि पावसाळ्यात तिथला पाऊस आभाळातून पडतो की बाजूनं येतो हे कळत नाही. साहेबांनी शेवटी मान्य केलं, पण अटीवर. कंपनीकडून एक विजेची गाडी मागवून तिची एक चाचणी फेरी होईल. गाडी सुखरूप परत आली तर आराखड्यावर सही. नाहीतर फाईल परत आणि जुन्या जीपांच्या जागी नव्या डिझेल जीपा. नव्या जीपा म्हणजे पुढची पंधरा वर्षं पुन्हा तोच धूर आणि खिडकीचे तेच खिळे. अक्कांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, म्हणजे त्यांना दुसरी संधी नव्हती.

चाचणीच्या दिवशी साहेबांना मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना गाडी दाखवायची होती. साहेब, पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे गाडीत बसले आणि अक्कांना जागा उरली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतः न बसलेल्या गाडीच्या भरवशावर राहिल्या. ड्रायव्हर होता रंगराव चौगुले, त्या रस्त्याचा जुना माणूस. मी अक्कांना म्हणालो, "रंगराव आहे, काळजी नको." त्या दिवसभर शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या आणि दोनदा माझ्यावर विनाकारण ओरडल्या.

गाडी परतीच्या वाटेवर, कळे गावाच्या अलीकडं बंद पडली. दुपारी गगनबावड्यात ती चार्ज करायची होती, पण पावसानं तिथली वीज गेली होती. भाताच्या खाचरात चिखलणी करून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरनं तिला ओढत पुढच्या गावात वीज होती तिथवर आणलं. आत साहेब आणि पाहुणे काचा बंद करून बसलेले. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते कोल्हापूरभर झालं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मला चहा देण्याआधी विचारलं गेलं, "काय मानेसाहेब, पुढच्या फेरीला बैलं किती लावणार?" मी चहा न घेता परत आलो. माझं कोल्हापूरच्या माणसांवर प्रेम आहे, पण दुसऱ्याची फजिती झाली की ती जरा जास्तच आनंदी होतात.

साहेब संतापलेले होते. रंगरावला नोटीस द्यायची आणि फाईल परत करायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अक्कांनी फक्त दुपारपर्यंतचा वेळ मागितला आणि रंगरावला घेऊन शेडच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"रंगराव, गाडी सुरू केल्यापास्नं सगळं सांग. काय बी सोडू नगंस."

रंगराव रडवेला झाला होता. "अक्का, माझी काय बी चूक न्हाय. एसी सायबांनी लावाय सांगितलेला. पण मी माझ्या परीनं लई जपलो. येकूण येक उतारावर न्यूट्रल मारलो बघा. उतारावर इतकासा बी करंट खर्चू दिला न्हाय."

अक्कांनी कपाळाला हात लावला. मग हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रंगराव घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

झालं होतं असं. विजेची गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावरून सोडली की चाकांच्या फिरण्यानं ती स्वतःच वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. न्यूट्रल केलं की ते बंद. रंगरावनं वाचवण्याच्या नादात परत मिळणारी सगळी वीज रस्त्यावर सांडत आणली होती. आणि ही सवय त्याला लावली होती आमच्याच शेडनं. खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते. वर्षभरात डिझेलचं सगळ्यांत चांगलं ॲव्हरेज ज्यानं दिलं, त्यानं पहिल्या गाडीपुढं नारळ फोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. रंगरावनं तो मान कितीतरी वर्षं सोडला नव्हता. घाटउतारावर न्यूट्रल मारून मारूनच तो त्यानं मिळवला होता.

अक्का तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो.

"नोटीस द्यायची तर मला द्या," त्या म्हणाल्या. "नारळ आमीच दिला की त्याच्या हातात. आनी मी त्या गाडीत बसलो न्हाय, ही बी माझीच चूक."

साहेब जरा नरमले. म्हणाले, "ठीक आहे, आणखी एक संधी घ्या. पण पाऊस उघडू दे. आणि कंपनीचा शिकलेला ड्रायव्हर मागवून घ्या, तो नक्की आणेल गाडी परत."

कुणीही आनंदानं हो म्हटलं असतं. मी तर मनातल्या मनात म्हटलंही होतं. अक्का टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"कंपनीचा ड्रायव्हर आणंल की साहेब, का न्हाय आणणार? मग दुसऱ्या दिवशीपास्नं कोण चालवणार हाय? कंपनीचा का रंगराव? आनी पाऊस उघडल्यावर गगनबावड्याला कोण जात न्हाय? गाडी लागती ती पावसात. ह्योच ड्रायव्हर, ह्योच रस्ता, ह्योच पाऊस. जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर फाईल मीच बांधून देतो."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "अक्का, हा हट्ट झाला." त्या म्हणाल्या, "हट्टच हाय की." आणि पुढच्या कामाला लागल्या.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस होता. मी छत्री घेऊन उभा होतो. अक्का आल्या, बॉनेटला सवयीनं हात लावला आणि डब्याची पिशवी माझ्याकडं न देता आत टेबलावर ठेवून आल्या. मी म्हणालो, "डबा राहिला." त्या म्हणाल्या, "राहू दे. दिवस मावळायच्या आत गाडी हितं आली तर जेवीन. न्हायतर उद्या." हे ऐकून रंगरावच्या तोंडचं पाणी पळालं. अधिकाऱ्याची नोटीस त्यानं सोसली असती, पण आपल्या हातून अक्का उपाशी राहायच्या, हे त्याला झेपणारं नव्हतं.

अक्का रंगरावच्या शेजारी बसल्या, मी मागं. एसी बंद ठेवायचा होता, त्यामुळं समोरची काच धुकट व्हायला लागली. रंगरावनं चाचरत खिशातून अर्धा कापलेला बटाटा काढला. काचेवर बटाटा घासला की वाफ धरत नाही, ही ड्रायव्हरांची जुनी युक्ती. अक्का बटाटा खात नसत. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मी खात न्हाय. काचेला चालतोय. घास."

पहिला उतार आला आणि रंगरावचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडं गेला. दांड्यावर अक्कांचा हात होता. निघाल्यापासून त्यांनी तो तिथंच ठेवला होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. रंगरावचा हात अक्कांच्या हाताला लागला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं गेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलं अक्का," तो पुटपुटला. पुढच्या उतारावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला हात अर्ध्यातच थांबला. साळवणच्या पुढं गेलो तोवर हात उठायचाच बंद झाला. असं प्रशिक्षण कुठल्या कंपनीच्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही.

गगनबावड्यात पोचलो तर वीज गेलेली. रंगरावनं गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी म्हणालो, वाट बघू, येईल. अक्का म्हणाल्या, "ती तिच्या सवडीनं येती. आपली कामं करू." पहिल्या फेरीत जिथं जिथं गाडी गेली होती, त्या प्रत्येक वाडीवर आम्ही गेलो. एकही वगळू दिली नाही. परत निघायच्या वेळी बॅटरीचा आकडा बराच खाली आला होता. मागच्या सीटवर बसून मी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर कुणाकडं मिळेल याचा विचार करत होतो.

परतीच्या एका लांब उतारावर रंगराव एकदम ओरडला, "अक्का, आकडा वाढला! ही उतारावर खाती व्हय?"

"खात न्हाय रं," अक्का म्हणाल्या. "रवंथ करती. चढावर खाल्लेलं उतारावर चावती."

रंगरावच्या घरी चार म्हशी. त्याला विजेच्या गाडीचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात कळलं. तिथून पुढं त्यानं गाडी अशी चालवली की जणू गाभण म्हैस रस्त्यानं नेतोय. उतार दिसला की पाय अलगद काढायचा, तिला सावकाश उतरू द्यायचा आणि आकड्याकडं बघून स्वतःशीच हसायचा. पुलाजवळ आलो तेव्हा पश्चिमेकडं ढगांच्या खाली तांबूस पट्टी होती. अक्का तिकडं बघत होत्या.

शेडच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा ती पट्टी अजून होती. साहेब छत्री घेऊन उभे होते. अक्का उतरल्या, आतून डबा आणला आणि सगळ्यांसमोर गाडीच्या बॉनेटवर उघडला. "गार हाय," म्हणाल्या, "टेबलासारखी." पावसाच्या थेंबांत उभ्या राहूनच जेवायला लागल्या. साहेबांनी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून घेतला. त्या आठवड्यात आराखड्यावर सही झाली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला अक्कांनी रीत बदलली. उतारावर सगळ्यांत जास्त वीज परत आणेल त्याचा नारळ. तो रंगरावनंच फोडला. बाकीच्यांनी थोडी कुरकुर केली आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या गाड्या कधी येणार म्हणून विचारायला लागले.

गाड्या सरकारी वेगानं आल्या. अक्का निवृत्त झाल्या तेव्हा रांगेत जेमतेम दोन-तीन नव्या उभ्या होत्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी सगळ्या बॉनेटना हात लावला. नव्यांना लावताना रंगराव म्हणाला, "अक्का, आता मेव्हण्याला कोण सोडून आलं ते कसं कळणार?" त्या म्हणाल्या, "आता मीटर सांगतोय. मी आपला निरोप घेतोय." आणि डब्याची पिशवी उचलून फाटकाकडं चालायला लागल्या. हार घालायचा राहूनच गेला, तो तसाच खुर्चीवर पडून होता.

गावी गेल्यावरही दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. कसा आहेस वगैरे काही नाही. "खिडकी उघडली का?" मी नाही म्हणायचो. "मग काय करायलायस तू?" आणि फोन बंद.

या जूनमध्ये शाळेच्या बाजूच्या रांगेतली शेवटची डिझेल जीप भंगारात गेली. उरलेल्या थोड्या जीपा आता पलीकडं फाटकाजवळ मावल्या. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी फिटरला पकड देऊन वर्गात पाठवलं. खिळे गंजले होते, निघता निघेनात. शेवटचा खिळा पाटीलबाईंनी स्वतः पकड घेऊन ओढला आणि खिडकी कुरकुरत उघडली. सगळा वर्ग आमच्या शेडकडं बघायला धावला. मी तिथंच उभा राहून फोन लावला आणि काही न बोलता खिडकीपुढं धरला. आत पोरांनी गलका केला होता. मग बाईंनी दटावलं आणि पाढे सुरू झाले.

फोन कानाला लावला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पाढं म्हणाय लागल्यात की," अक्का म्हणाल्या. मग आवाज नेहमीसारखा झाला. "राधानगरीच्या गाडीचं काय झालं?"

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, पाऊस उघडल्यावर चाचणी घेऊ. नवा ड्रायव्हर घेऊ म्हणतात."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, ह्योच ड्रायव्हर, ह्योच रस्ता, ह्योच पाऊस."

"मग जा की गाडीत बस," अक्का म्हणाल्या. "मला का फोन करत उभारलायस?"